पायपुसण्यावरची परेड

फोन आला तेव्हा मी परीला खिचडी भरवत होती. परी म्हणजे माझी मुलगी, साडेतीन वर्षांची. फोन परीच्या पप्पांचा होता, ते बोलले, "तू आधी खाली बस." मी बोलली, मी बसलेलीच आहे. मागून ट्रकचे हॉर्न येत होते आणि कोणीतरी हिंदीत ओरडत होतं, साइड हो जाओ, हवा आने दो. ते काशीमीऱ्याला हायवेलगतच गोडाऊनला कामाला आहेत, त्यांना ओळखीच्या कोणीतरी पळत येऊन सांगितलं होतं. हायवेवर हर्षल ज्या बाईकवर मागे बसला होता तिला ट्रकने... पुढे बसलेल्या मित्राचा पाय मोडला. आणि हर्षल, माझा धाकटा भाऊ, जो आत्ता आत्ता आमच्या दारातून बॅग घेऊन बस पकडायला गेला होता, ज्याचा चहाचा कप अजून मोरीत होता... मी फोन ठेवला आणि परीला उरलेली खिचडी भरवली. सगळी भरवली. वाटी धुतली, मग कप धुतला. लोक विचारतात, तेव्हा तू रडलीस का, ओरडलीस का. नाही. मी कप धुतला. आता वाटतं, कशाला धुतला.

दीड महिना झाला त्याला. मी नववीपर्यंत शिकली, मला असं पेपरात लिहायची सवय नाही, जसं बोलते तसं लिहितेय. हर्षल लष्करात ऑफिसर व्हायचं चार वर्षांचं ट्रेनिंग करत होता. शेवटची टर्म चालू होती, ती संपली की खांद्यावर स्टार लागणार होते, आईने त्या दिवसासाठी साडी घेऊन ठेवली होती, अंजिरी रंगाची, ती अजून पिशवीतच आहे. माझं सासर भाईंदर पश्चिमेला, मार्केटच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. माहेर पालीला, ते गणपतीवालं नाही, इथलंच दर्याकाठचं. बाबा मच्छीमार, स्वतःची होडी, तेच तिचे तांडेल, म्हणजे होडीवर त्यांचाच शब्द चालायचा. बाबांनी किनाऱ्यावरून हाक मारली तर आत पाण्यात उभ्या असलेल्या होडीवरचा माणूस मान वळवायचा. आणि त्यांचा हा मुलगा, ह्याचा आवाज असा की बाजूला बसलेल्याला पण परत विचारावं लागायचं, काय बोललास रे? शाळेत बाई हजेरी घ्यायच्या तेव्हा हा "हजर" बोलायचा आणि बाई गैरहजर लावायच्या. मी दोन वर्ग पुढे, पण मधल्या सुट्टीत जाऊन सांगायची, बाई, तो आलाय हो. मी पण भित्रीच, पण त्याच्यासाठी जायची.

तो सिलेक्ट झाला तेव्हा पालीच्या गल्लीत बॅनर लागला, त्याच्यावर त्याचा फोटो एवढा मोठा की तो स्वतः तिकडून जायला लाजायचा. बाबांना काही समजत नव्हतं की ऑफिसर म्हणजे नक्की काय. हर्षलने समजावलं, तर बोलले, "म्हंजे तांडेलच झाला ना? मंग तुना बोंबलाया लागंल रं." सगळे हसले. तो पण हसला, पण मला दिसलं की त्याचा चेहरा उतरला.

आणि झालं तसंच. ट्रेनिंगमध्ये सिनियर व्हायच्या आधी सुट्टीवर आला, मी पण परीला घेऊन पालीला गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलला, "बाय, जरा चल ना बंदरावर. एक काम हाय." बाय म्हणजे मी, तो मला कधी ताई बोलला नाही. वाटेत त्याने सांगितलं. त्यांच्याकडे सिनियर झालं की नवीन आलेली पोरं सांभाळायला देतात. सरळ उभं कसं राहायचं, वळायचं कसं, बुटाची लेस कशी आत खोचायची, बिछाना कसा लावायचा, सगळं हा शिकवणार आणि त्याच्या हुकमावर ती पोरं हलणार. पण त्याचा हुकूम तिसऱ्या रांगेत पोचतच नव्हता. पहिली रांग वळायची, दुसरी तिला बघून वळायची, तिसरी उभीच. ड्रिल शिकवणारे उस्ताद बोलले होते, आवाज निघाला नाही तर एक टर्म मागे जाशील. मागे गेला असता तर पालीत तोंड दाखवायला लाजला असता, मला माहीत आहे. मी बोलली, मग मी काय करू? तो बोलला, "तू तिसरी रांग."

मला त्याने लांब उभी केली, बोंबील सुकवायच्या वलांड्या संपतात तिथे. मी गाऊनवर होती, परी कडेवर, तेव्हा ती चालायला पण लागली नव्हती. तो दुसऱ्या टोकाला. मध्ये बायका बांबूवर बोंबील टाकत होत्या. त्याने सांगितलं होतं, ऐकू आलं तरच वळ, मला बघून वळायचं नाही. मी पाठ करून उभी राहिली. काही ऐकू येईना, नुसता दर्या. बऱ्याच वेळाने एक म्हातारी ओरडली, "आगं बाय, तुजा भाव कवापासून बोंबलतंय तिकरं!" मी वळली तर हा तोंड लाल करून उभा. दुसरी बोलली, "काय रं हर्षल, बहिणीला पन भरती करतंस काय? पगार देशील ना तिला?" मग त्याने डावीकडे सांगितलं तर मी उजवीकडे वळली, गाऊन पायात अडकला, बायका बोंबील टाकायचं सोडून हसायला लागल्या. बाबा होडीच्या सावलीत जाळं शिवत बसले होते, इतका वेळ मान वर केली नव्हती. तिकडूनच बोलले, "मना पन आयकू आला न्हाय." मग उठून त्याच्याजवळ गेले आणि पोटावर हात ठेवला. "गल्यातून न्हाय रं, हिकरून. वारा सुटलाय नी तू असा कुजबुजशील, त माणूस दर्यात जाईल ना माजा."

रोज सकाळी आम्ही जायचो. त्याचा घसा बसायचा, आई हळद-दूध द्यायची, परत सकाळी तेच. आणि एक दिवस मी अशीच पाठ करून उभी होती, परी माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि मागून आलं, "पीछे मुड!" मी विचार केलाच नाही, पाय आपोआप फिरले. वलांडीवरचे कावळे उडाले. बायकांचे हात थांबले. परी दचकून उठली, मला वाटलं आता रडेल, पण ती रडली नाही, त्याच्याकडे बघत राहिली. तो एवढा लांब होता की त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं, पण तो हसत होता ते कळत होतं. बाबा परत जाळं शिवायला बसले.

मग त्याला पोरं मिळाली. रविवारी फोन करायचा तर सगळं त्यांचंच. कोण कुठला, कोणाला चपाती जात नाही, कोण आईचा फोन आला की भिंतीकडे तोंड करून बोलतो. दिवसभर त्यांच्यावर ओरडायचा आणि संध्याकाळी एकेकाचे पाय बघायचा, फोड आलेत का. मी विचारलं, पोरं घाबरतात का तुला? बोलला, "बाय, मीच घाबरतो गं." मग हळू आवाजात, त्याच्या जुन्या आवाजात सांगायला लागला. पहिल्याच आठवड्यात त्याने पोरांना सावधान दिलं होतं आणि पुढचं सुचलंच नाही. डोकं रिकामं. पोरं उन्हात उभी, समोर बघतायत, पापणी हलवत नाहीत, आणि हा पुढचा शब्द शोधतोय. शेवटी मागच्या रांगेतलं एक पोर उभ्या उभ्या खाली पडलं. काही झालं नाही त्याला, पाणी मारलं, उठला. पण उस्ताद नंतर ह्याला बाजूला घेऊन बोलले, ओरडले नाहीत, नुसतं बोलले, "साहब, जिसको खड़ा किया, उसको छोड़ना भी आपका काम है। वो खुद से नहीं हिलेगा।" हर्षल मला बोलला, "एवढं कोणी आपलं ऐकलं ना बाय, की भीती वाटते." मला वाटायचं, भीती फक्त मलाच वाटते.

त्यानंतर सुट्टीत आला की परी त्याची रिक्रूट. आमच्या दारातलं पायपुसणं म्हणजे परेड ग्राउंड, निळं, कडेला दोरे निघालेलं. तो निघायच्या वेळेला तिला त्यावर उभी करायचा. "परी, सावधान!" ही टाचा जुळवून, मुठी आवळून, पोट पुढे काढून उभी. तो तिच्याभोवती फिरून तपासणी करायचा, नाक पुसलंय का, फ्रॉकचं बटण लावलंय का. मग "विश्राम!" की ही धपकन पाय बाजूला टाकायची. मग "आराम से!" की अंग सगळं सैल सोडून त्याच्या पायाला लटकायची. तो तसाच तिला पायावर घेऊन दोन पावलं चालायचा, मग जायचा. दर वेळेला हेच.

त्या दिवशी खालून मित्राने हॉर्न दिला. माझा कुकर लावलेला. तो बॅग उचलून दारात आला, परी आधीच पायपुसण्यावर. "परी, सावधान!" ती उभी राहिली. परत हॉर्न, दोनदा. तो "आलो रे" बोलला, मला बोलला, "बाय, येतो, आईला फोन कर", आणि जिना उतरला. मी आत वळली. परी तशीच. मी बोलली, चल बाळा, मामा गेला. ती बोलली, "मामाने सोडलं नाही." मी बोलली, बोलला असेल गं जिन्यात, कुकरची शिट्टी झाली ना. पण मला माहीत होतं. त्याचा आवाज आता कुकरच्या शिट्टीत दबणारा राहिला नव्हता. मी तिला उचलून आत आणली आणि खिचडी भरवायला बसली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. पालीची गल्ली अरुंद, अॅम्ब्युलन्स आत येईना, मुलांनी उचलून आणला. त्याच्याबरोबरचे काही जण आले होते, बारीक केस, साधे कपडे, एका रांगेत उभे राहिले, आणि मी त्यांचे बूट बघत होती. सगळ्यांच्या लेस आत खोचलेल्या होत्या. त्यांच्यातल्या एकाने हुकूम दिला, "सावधान", तसे सगळे ताठ झाले. आणि बायकांच्या घोळक्यात माझ्या शेजारी परी पण ताठ झाली, टाचा जुळवून. कोणीतरी तिला बघून मोठ्याने रडायला लागलं. मग त्या मुलाने हुकूम देऊन रांगेला सोडलं, सगळे हलले. परी हलली नाही. मी वाकून बोलली, सोडलं बघ त्यांनी. ती समोर बघत बोलली, "हा मामा नाही."

तेव्हापासून हे चालू झालं. रोज सकाळी बालवाडीला निघायचं, दार उघडलं की ही पायपुसण्यावर जाऊन उभी. सावधान. हलवली तर किंचाळते, उचलली तर लाकडासारखी कडक, तशीच मी तिला जिन्याने खाली न्यायची, वाटायचं आता हिच्यासकट पडते. शेजारची गुजराती भाभी बोलली, "डॉक्टर को दिखाओ ना, बच्ची के मन में बैठ गया है।" सासूबाईंनी मीठ-मिरची ओवाळून टाकली. तिच्या पप्पांनी एकदा स्वतः करून बघितलं, "आराम से, परी!" तर ही बोलली, "पप्पा, तसं नाही." ते बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले. मला एकच भीती होती, ही पोरगी अशीच राहिली तर? तो येईल आणि सोडेल म्हणून ही मोठी होईपर्यंत वाट बघत बसली तर? आणि तो येणार नाही हे तिला सांगायचं कोणी? मी तोपर्यंत ते वाक्य एकदा पण बोलली नव्हती, कोणासमोरच नाही.

मागच्या रविवारी पालीला गेली. बाबा आता होडीवर जातात, पण हाका मारत नाहीत, दुसरा माणूस मारतो. मी त्यांना सांगितलं परीचं. त्यांनी जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मग बोलले, "त्याचा आवाज कसा निंगाला, कोनी आयकला सगल्यात जास्ती? तूच ना उबी व्हतीस तिकरं. मंग तूच बोल." मी बोलली, बाबा, माझा आवाज कुठे निघतो? बाबा बोलले, "त्याचा पन कुटं निंगायचा..."

सोमवारी सकाळी मी गॅस बंद केला. परी उभी होती, मुठी आवळून. मी तिच्यासमोर उभी राहिली, तो राहायचा तिथे, चपलांच्या स्टँडला टेकून. बोलली, परी, विश्राम. परी समोर बघत बोलली, "ऐकू नाही आलं." माझा आवाज आजपर्यंत ह्या दाराच्या बाहेर गेलेला नाही, खाली भाजीवाल्याला पण मी हाक मारत नाही, टोपली सोडून उभी राहते. मी पोटावर हात ठेवला. डोळे मिटले, तर बोंबलांचा वास आला, खरंच आला, आणि मी लांब उभी आहे, पाठ करून... "परी! विश्राम!" धपकन पायांचा आवाज आला. भाभीचं दार उघडलं, "क्या हुआ, क्या हुआ?" मी तिकडे बघितलं नाही. "आराम से!"

परी सैल झाली. एकदम, दोरी सोडल्यासारखी. आणि येऊन माझ्या पायाला लटकली. पायाला लटकली की केवढी जड होते ती, मला माहीतच नव्हतं, हे वजन आजवर तो उचलायचा. मी तिला घेऊन दोन पावलं चालली. खालूनच तिने विचारलं, "मामा नाही येणार?" मी बोलली, नाही. "मग रोज तू बोलणार?" मी बोलली, हो.

आता रोज सकाळी तसंच करतो आणि मग जिना उतरतो, ती स्वतःच्या पायाने. भाभी आता दार उघडत नाही. पायपुसणं खूप मळलंय, सासूबाई बोलतात धू एकदा. मी धूत नाही. कप धुतला तेवढा पुरे.