घरमालकिणीचं दुसरं बिऱ्हाड

भुताला पळवून लावणारी माणसं पुष्कळ असतील, पण भुताला पळायला लावून त्याचा घाम काढणाऱ्या अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकट्या आमच्या घरमालकीण आक्काच. लासुर्ण्याच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि त्यांची मागची खोली भाड्याने घेतली, तेव्हा गावाने मला ह्याची काहीच कल्पना दिली नव्हती. पहिल्याच दुपारी डोक्यावर धप् धप् सुरू झालं आणि छताचा पोपडा माझ्या चहात पडला. गच्चीवर जाऊन पाहतो तर साठी उलटलेल्या आक्का लुगड्याचा काष्टा मारून म्हशीच्या दाव्याने दोरीवरच्या उड्या मारत होत्या. मला पाहून थांबणं तर दूरच, "मास्तर, बाजूला व्हा, लागंल!" म्हणाल्या.

पहाटे त्या उसाभोवती पळायच्या. पायांत मुलाचे टाकून दिलेले बूट, पुढे चिंध्या कोंबलेले. धुक्यात त्या दिसायच्या नाहीत, नुसते बूट वाजत जायचे. बांधावरचं पाचट मात्र त्या पार पुढे गेल्यावर चुरचुरायचं, कुणीतरी मागून पाय ओढत चालल्यासारखं. हे मी स्वतः ऐकलं आहे, आणि ऐकल्यावर दुधाची किटली तिथेच टाकून घर गाठलं आहे. शेजारणी त्यांना देवऋषी सुचवायच्या, तर आक्का उलट त्यांनाच "चला की दोन फेऱ्या" म्हणून हाताला धरायच्या.

शेवटी एकदा मी विचारलंच. त्या जोर काढता काढता म्हणाल्या, "मालक गेले, पोरगं पुण्याला गेलं, तवापासनं घरात कुणीतरी ऱ्हायला आलंय. दिसत न्हाय. मी जेवाय बसले की म्होरं बसतंय, निजले की छातीवर बसतंय. पर त्याला दम न्हाय. चांगलं पळवलं की कोपऱ्यात गप निजतंय, मग मला बी झोप लागती."

"मग काढून टाका की घराबाहेर."

"कुठं जाईल ते? त्याला तरी कोण हाय?"

मी हसलो, पण त्या दिवसापासून कोपऱ्यांकडे बघायचं टाळू लागलो.

गेल्या हिवाळ्यात पाटाच्या कडेला पाय घसरून आक्कांचा घोटा मोडला. प्लास्टर घातलं. मुलगा फोनवर रोज "आराम कर" सांगायचा, आणि त्या आरामानेच बाई आठवड्याभरात निम्म्या झाल्या. ताट तसंच परत येई. खाटेच्या एका कडेला अंग चोरून पडायच्या, उरलेली खाट कुणासाठी तरी सोडल्यासारखी रिकामी. "त्याला मोकळं रान मिळालंय, मास्तर," एवढंच पुटपुटायच्या. मी पाण्याने भरलेले दोन तांबे हातांत देऊन वर-खाली करायला लावले, तर सगळी गादी भिजली. ह्या बाई आपल्या डोळ्यांदेखत संपणार, अशी मला खरोखर धास्ती बसली.

एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "तुमी पळा की. तुमच्या मागं आलं तर आलं."

माझ्या पोटाचा घेर गावाला ठाऊक आहे. तरी पायजमा खोचला आणि घराभोवती पळू लागलो. खिडकीपाशी आलो की आतून हुकूम यायचा, "पाय उचला! वरात न्हाय, पळणं हाय!" कुंपणाबाहेर माझ्याच वर्गातली पोरं जमली आणि थोड्या वेळाने कंटाळून निघूनही गेली. मग एका फेरीला खिडकीतून आवाजच आला नाही. घाईने डोकावलो, तर आक्का खाटेच्या मधोमध हातपाय पसरून चक्क घोरत होत्या. डोळे भरून आले माझे.

मी पायरीवर टेकलो. जीव घशाशी आला होता, बराच वेळ श्वास जागेवर येईना. हळूहळू आला. तरी शेजारी कुणाची तरी धाप चालूच होती, अगदी थकलेली, एकटी.

मी जरा सरकून जागा करून दिली.