रनाळ्याच्या आंबेचा आकडा

कुठलीही आंबट वस्तू हाती आली की आंबमास्तर ती आधी जिभेच्या टोकाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग काही वेळ ते आपल्यात नसायचेच. चिंच असो, कैरी असो की शिळं ताक, समोरचा माणूस बोलत राहायचा आणि मास्तर कुठेतरी लांब जाऊन सावकाश परत यायचे. "हं, हिचा हात सैल आहे," असं तरी म्हणायचे, नाहीतर "हा धरून ठेवणारा दिसतो." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी सासूबाईंकडे बघितलं आणि सासूबाईंनी देवाकडे.

मास्तर सातारकडचे, एकटे. नंदुरबारच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. सायकलच्या दुकानात आमच्या ह्यांची आणि त्यांची ओळख झाली आणि तेव्हापासून दर शनिवारी दुपारी शाळा सुटली की ते सायकल मारत आमच्या रनाळ्याला येऊ लागले. ओढ ह्यांची नव्हती, आमच्या हरभऱ्याची होती. पौषात हरभऱ्याच्या पाल्यावर आंबट दव धरतं. संध्याकाळी त्यावर पातळ धोतर पसरायचं, पहाटे ते भिजलं की पिळून बाटलीत भरायचं. तीच आंब. पोट दुखलं की आम्ही ती चमचाभर घेतो. मास्तरांना मात्र ती मोजायची होती.

"आंब मोजस का कोणी?" सासूबाई म्हणाल्या. "हाऊ मास्तर येडा शे!"

मास्तर खळखळून हसले. त्यांना कुणी वेडं म्हटलं की ते खूश व्हायचे.

मी जेमतेम चौथी शिकलेली. पण ओट्यावर मी लसूण सोलत बसले की मास्तर मला वर्गातल्या मुलांना सांगावं तसं सांगायचे. आम्ल म्हणजे हायड्रोजन सोडणारं. पाण्यात पडल्याबरोबर जवळचं सगळं सोडून देतं ते जहाल. शंभरातलं एखादंच सोडतं, बाकीचं घट्ट धरून बसतं, ते सौम्य. "पाणी घालून पातळ केलं म्हणजे सौम्य झालं असं नाही हं, वहिनी. गंधकाचं आम्ल पातळ केलं तरी स्वभाव तोच. आणि व्हिनेगर कितीही घट्ट केलं तरी ते मुठीतलं सोडणार नाही." हा स्वभाव सांगणारा एक आकडा असतो. पुस्तकात आता त्याला विचरण स्थिरांक म्हणतात, मास्तर 'सोडण्याचा आकडा' म्हणायचे. आकडा मोठा तितकं आम्ल जोरकस. आणि आवाज खाली आणून ते पुढे म्हणायचे, "ज्याला सोडणं जड गेलं ना, त्याला सोडल्यावरही ओढ फार. संधी मिळाली की परत धरायला बघतो. सहज सोडणारा मागे वळून पाहत नाही."

आंबेत एकच आम्ल नसतं, दोन-तीन असतात, हे त्यांना ठाऊक होतं. "असू दे," म्हणायचे, "एकत्र कुटुंबालाही एक स्वभाव असतोच की."

त्या हिवाळ्यातल्या रविवारच्या पहाटा मला अजून दिसतात. शेतावर धुकं, धुक्याच्या वर तरंगल्यासारखा सातपुडा आणि हरभऱ्यावर आमची पांढरी धोतरं. मास्तर पायातल्या वहाणा बांधावर काढून आत शिरायचे. घरी आले की काचेच्या नळ्यांची रांग ओसरीवर मांडायचे. पहिल्या नळीत लाल, शेवटच्या नळीत पिवळा आणि मध्ये त्या दोहोंतले सगळे रंग. आंबेत रंगाचा थेंब टाकून ती कुठल्या नळीशी जुळते ते उन्हात धरून पाहायचे. त्यावरून सुटलेलं किती ते कळायचं. एकूण आम्ल किती ते वेगळं मोजायचं. दोन्ही मिळून आकडा. मी स्वयंपाक सोडून ते रंग बघत उभी राहायची. कुणी हाक मारली तरी ऐकू यायचं नाही.

शेवटी आकडा निघाला. आंब जवळजवळ व्हिनेगरइतकीच सौम्य ठरली. मास्तरांनी पुन्हा एकदा आंब चाखली आणि कपाळाला आठी घातली. "जीभ आणि आकडा भांडतायत," म्हणाले. पण आकड्यावर विश्वास ठेवून त्यांनी सगळं मुंबईच्या एका प्रोफेसरांना लिहून पाठवलं. उत्तर आलं ते ऐकवायला मास्तर शनिवारची वाट न बघता मंगळवारीच आले. प्रोफेसर लिहीत होते की काम छान आहे, सभेत वाचू, आणि जूनपासून आमच्या प्रयोगशाळेत एक जागा रिकामी होते आहे, याल का? मास्तरांनी ते पत्र आम्हाला दोनदा वाचून दाखवलं. जन्मभर त्यांना एवढंच तर हवं होतं.

त्याच आठवड्यात मी हळद कुटत होते. सासूबाईंनी हाक मारली म्हणून घाईत उठले आणि दोरीवरच्या ओलसर धोतराला पिवळा हात लागला. डाग बघता बघता लाल झाला. हळद साबणानं लाल होते हे कुठल्या बाईला माहीत नाही? पण मी तिथेच थिजले. मास्तरांच्या आंबेची धोतरं चकचकीत निघावीत म्हणून मी ती धुण्याच्या सोड्यात भिजवायची आणि शेवटच्या पाण्यातही चिमूटभर सोडा टाकायची. कौतुकानं, दुसरं काय! तो सोडा धोतरातच राहत होता. आंबेनं सोडलेलं तो गिळत होता आणि बिचारी आंब मास्तरांपुढे कवडीचुंबक ठरत होती.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सांगितलं तर मास्तरांची मुंबई जाते. न सांगावं तर खोटा आकडा सभेत वाचला जातो, तोही आमच्या शेताच्या नावानं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुले जे वाटी ते कर." शनिवारी मास्तर आले. अजून पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

"मास्तर, मन्हा हातथाईन चूक व्हयनी," मी म्हणाले. "धोतरले मी सोडा लायेल व्हता."

मी त्यांच्यासमोर धोतराला हळद लावली. त्यांनी धोतर उन्हात धरून तो लाल डाग निरखला. मग त्यांनी डोळे मिटले, आंबट चाखल्यावर मिटायचे तसेच. परत आले तेव्हा म्हणाले, "म्हणजे जीभ खरं बोलत होती, वहिनी!" आणि चक्क हसले. मला रडू फुटलं. "रडता काय? कापड तपासायचं काम माझं होतं. पेन द्या बरं."

आकडा मागे घेतल्याचं पत्र त्यांनी आमच्याच ओट्यावर लिहिलं. माझं नाव त्यात नव्हतं. 'कापड तपासण्यात माझ्याकडून हयगय झाली' एवढंच होतं. मुंबईहून पुन्हा काही आलं नाही. हरभरा सोंगायला आला होता, तरी एका कोपऱ्यातला त्यांनी ह्यांना राखायला लावला आणि पुन्हा मोजायला बसले. पुढे काय निघालं ते मी विचारलं नाही. माझी छातीच झाली नाही.

उन्हाळ्यात त्यांच्या आईचं दुखणं वाढलं आणि ते कायमचे गावी निघाले. सायकल ह्यांना दिली. बैलगाडीत बसले, उतरले, विसरलेला चष्मा घेऊन गेले. पुन्हा आले, छत्री नेली. तिसऱ्यांदा आले तेव्हा विसरलेलं काहीच नव्हतं, नुसतेच दारात उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही तं व्हिनेगरपेक्षा नरम निंघनात!" हे म्हणाले. मास्तर हसले आणि गाडीकडे वळले.

चार-पाच वर्षांनी त्यांच्या भावाकडून एक पुडकं आलं. मास्तर गेले होते. पुडक्यात एक वही होती, तिच्यावर माझं नाव. शेवटच्या पानावर तक्ता होता. व्हिनेगर, लिंबू, चिंच, प्रत्येकापुढे आकडा आणि त्यापुढे शेऱ्याचा रकाना. लिंबू-चिंचेच्या पंगतीत, व्हिनेगरच्या कितीतरी वर, 'रनाळ्याची आंब' बसली होती. बाकी सगळ्यांचे शेरे कोरे होते. आंबेपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'धोतर वहिनींनी साध्या पाण्याने सात वेळा धुतले. आकडा खात्रीचा.'

सात वेळा धुतलं होतं हे खरं. पण ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मास्तर विहिरीवर उभे राहून मोजत होते, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.