मी न केलेली सही

मंडळी, आज सकाळी मुलीबरोबर टीव्हीवर स्पीड स्केटिंगची आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा पाहत होतो.

मेघना सहज म्हणाली, "बाबा, नव्वद साली मला घेतलं असतं तर मीही अशीच पळाले असते."

तेव्हा आम्ही कुवेतला होतो. आइस रिंकवरच्या कोचनी तिच्यासाठी अशाच स्पर्धेचा फॉर्म दिला होता. दहावीचं वर्ष म्हणून मी सहीच केली नाही. तिला सांगितलं, "स्पर्धावाल्यांनी नाही म्हटलं."

ऑगस्टमध्ये इराकी सैन्य घुसलं. आम्ही भारतात परतलो, तिचं स्केटिंग कायमचं सुटलं.

आज तिला खरं सांगितलं.

तिने टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "मला वाटायचं, मीच कमी पडले."

तुमच्यापैकी कुणी मुलांशी असं खोटं बोललंय? माफी कशी मागितलीत?