भगत सरांना ऐकू येणारं आर

भगत सरांनी हेडफोन लावला, कीबोर्डवर दोन-चार कळा दाबल्या आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, हे नुसतं 'बटन, बटन, बटन' म्हणतंय. मग गप्पच बसतंय."

मी शेजारी उभी होते. प्राचार्य दाराशी. काम पूर्ण झाल्याचं दाखवायला मीच त्यांना लॅबमध्ये बोलावलं होतं.

काम असं होतं. आमचं कॉलेज अलिबागपासून थोडं बाहेर. तिथं मी सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे. संख्याशास्त्राचं प्रॅक्टिकल इतकी वर्षं कॅल्क्युलेटरवर चालायचं, ते त्या वर्षी 'आर'वर घ्यायचं ठरलं. आर ही आकडेमोडीसाठी बनवलेली प्रोग्रॅमिंगची भाषा. मोफत मिळते. सरासरी काढा, आलेख काढा, सगळं होतं. प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगवेगळं टाकत बसण्यापेक्षा मी ते सर्व्हरवर टाकलं, म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरायच्या एका मोठ्या मशीनवर. आमच्या सर्व्हरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. एक कमांड दिली आणि आर आलं. वर कोड लिहायला ब्राउझरमधून चालणारा एडिटर बसवला. मुलं लॉग इन करून कामाला लागली.

हा विषय शिकवणारे भगत सर मात्र बाहेर राहिले. त्यांची दृष्टी शाळेत असतानाच गेली. ते कॉम्प्युटर ऐकून वापरतात. स्क्रीनवरची अक्षरं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. मी बसवलेला एडिटर चित्रांनी आणि चौकटींनी भरलेला. त्यांच्या स्क्रीन रीडरला त्यातून काही वाट सापडेना.

प्राचार्य पुढे आले. माणूस चांगला. म्हणाले, "सर, मनाला लावून घेऊ नका. प्रॅक्टिकल दुसऱ्या कुणाला तरी देऊ. तुम्ही थिअरी घ्या. तुमचा त्रास वाचेल."

"त्रास वाचेल सर," भगत सर म्हणाले, "आणि विषयपण जाईल."

सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार. प्रॅक्टिकल गेलं असतं तर निम्मे तास गेले असते. आणि पुढच्या वर्षी 'यांना प्रॅक्टिकल जमत नाही' एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं असतं.

"एखादा वाचून दाखवणारा देऊ का?" प्राचार्यांनी विचारलं.

"मुलांचं काम मी दुसऱ्याच्या डोळ्यांनी कसं तपासू? मला माझं मला वाचायचंय."

मी म्हटलं, "सर, परीक्षेपर्यंत मला वेळ द्या."

प्राचार्यांनी मान डोलावली. "बघा. पण मुलांचं चालू आहे ते बंद पडता कामा नये."

जेवणाच्या सुट्टीत मी भगत सरांचा लॅपटॉप घेतला आणि त्यांना थेट टर्मिनलमधून सर्व्हरवर नेलं. टर्मिनल म्हणजे काळी खिडकी. त्यात चित्रं नाहीत, बटनं नाहीत. एक ओळ लिहायची, उत्तराची ओळ खाली येते. आम्ही लिनक्सवाले दिवसभर तिथंच असतो. मुलांना ती रुक्ष वाटेल म्हणून मी झाकून ठेवली होती.

सरांनी पाच आकडे टाकले आणि सरासरी मागितली. हेडफोनमधला आवाज मला पुसट ऐकू आला. सरांचा चेहरा बदलला.

"मॅडम, हे बोलतंय!"

त्यानंतर ते इतक्या वेगाने टाइप करायला लागले की मी बाजूला झाले.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. अभ्यासक्रमात हिस्टोग्राम होता. आकडे गटागटांत वाटून काढलेला खांबांचा आलेख. तो ऐकायचा कसा? शोधता शोधता एक पॅकेज मिळालं. पॅकेज म्हणजे आरला जोडायचा जादा भाग. हे पॅकेज आलेखाचं वर्णन शब्दांत करतं: किती खांब, कुठल्या खांबात किती आकडे. दृष्टी नसलेल्यांसाठी कुणीतरी ते मन लावून लिहून जगाला फुकट देऊन टाकलं होतं. मी खुर्चीत नीट सावरून बसले.

इन्स्टॉलची कमांड दिली. उत्तर आलं की तुमचं आर जुनं आहे, त्यावर हे पॅकेज चालणार नाही. नवं आर घ्यायला गेले, तर आमचं लिनक्सच जुनं. त्याच्यासाठी तयार आर कुणी ठेवत नव्हतं. लिनक्स बदलायचं तर अख्खं कॉलेज बंद ठेवावं लागलं असतं. राहिला एकच रस्ता, सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, स्वतः कंपाइल करायचं. तयार ब्लाउज मिळत नाही म्हणून कापड, अस्तर, हूक आणून स्वतः शिवायला बसावं, तसला प्रकार.

जुन्या आरला हात न लावता नवं वेगळ्या फोल्डरमध्ये बांधायचं ठरवलं. कामाला लागले. आधी फोरट्रान या जुन्या भाषेचा कंपायलर नाही म्हणून अडलं. तो टाकला. मग आणखी कसलीतरी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, नाही. कॉलेजचं नेट मध्येच जायचं, डाउनलोड अर्ध्यावर राहायचं. शेवटी स्क्रीनभर एरर आले आणि माझं डोकं चालेना.

नवी मुंबईत डेटा सेंटरला होते तेव्हाचे माझे बॉस, डिसोझा सर, यांना फोन लावला. ते आता रिटायर झालेत.

"शेवटची ओळ मत पढ," ते म्हणाले. "वर जा. पहिला एरर कुठला आहे? बाकी सगळे त्याचीच पिल्लं."

वर गेले. पहिला एरर 'रीडलाइन' नावाच्या लायब्ररीचा होता. ती नसेल तर तिच्याशिवायही आर बांधता येतं. ती फक्त टाइप करण्याची सोय बघते, असं मला वाटलं. मी ती वगळली. आर बांधून झालं, पॅकेज बसलं. मी खुशीत भगत सरांना बोलावलं.

सरांनी हिस्टोग्राम काढून ऐकला. हसले. मग वरच्या बाणाची कळ दाबली आणि थांबले.

"मॅडम, वरचा बाण दाबला की हे भलतंच काही बोलतंय. 'कंस, कंस, ए.' आधीच्या आरमध्ये मागची ओळ यायची."

"मागची ओळ परत टाइप केली तर चालेल ना सर?"

"तुम्ही काय लिहिलंय ते तुम्हाला समोर दिसतं. मी लिहिलेलं मला बाण दाबूनच परत ऐकता येतं. चूक कुठे झाली ते त्याशिवाय कळणार कसं?"

मी रीडलाइन टाकली आणि सगळं पहिल्यापासून परत बांधलं. चिडचिड झाली नाही, उलट बरं वाटत होतं. डेटा सेंटरला मी वर्षानुवर्षं सर्व्हर उभे केले. ते वापरणारा एकही माणूस मला कधी भेटला नव्हता. तक्रारीचं तिकीट यायचं, तिकीट बंद व्हायचं. पालीजवळच्या आमच्या गावी गेले की आई विचारायची, "तू नेमकं करतेस काय गं?" मला धड सांगता यायचं नाही. इथं एक माणूस शेजारी बसून सांगत होता, हे लागतं, ते लागत नाही.

परीक्षेच्या दिवशी प्राचार्य स्वतः येऊन मागच्या बाकावर बसले. मुलांनी रेवदंड्याच्या बंदरावर जाऊन बांगडा माशांची लांबी मोजून आणली होती. त्याच आकड्यांचा हिस्टोग्राम काढायचा होता. मुलांच्या फाइली सरांना त्यांच्या लॅपटॉपवर उघडता येत होत्या. एकेकाचं नाव घेऊन ते ऐकत होते. दोन-तीन मुलांचं झालं. मग साक्षी नावाच्या मुलीची फाइल उघडली. सरांनी बाण दाबून दोनदा ऐकलं.

"साक्षी, तुझे सगळे खांब डावीकडे दाटीवाटीनं आहेत. आणि एक पार उजव्या टोकाला, एकटाच. त्यात एक मासा."

"हाय ना सर. मला वाटलं मोठा असंल."

"सव्वादोन मीटरचा?"

लॅबमध्ये हशा पिकला. साक्षीनं फाइल बघितली. साडेबावीसमधला दशांश चिन्हाचा ठिपका टाकायचा राहिला होता, दोनशे पंचवीस सेंटिमीटर झाले होते.

"माझे वडील बोटीवर जायचे," सर म्हणाले. "असला बांगडा मिळाला असता तर मला नोकरी करावी लागली नसती."

प्राचार्य उठले. जाता जाता माझ्यापाशी थांबले.

"मॅडम, आलेख तर मलाही दिसत होता. मला वाटलं, असाच असतो."

प्रॅक्टिकल भगत सरांकडेच राहिलं, पुढच्या वर्षीही. निकालानंतर ते सर्व्हर रूममध्ये आले. हातात त्यांच्या आईनं दिलेली सोड्यांची पिशवी होती. अख्ख्या खोलीला वाळवलेल्या कोलंबीचा वास लागला.

"तुमचे आभार मानायला आलो," ते म्हणाले.

"सर, आभार मीच मानायला हवेत."

"ते कसे काय?"

मी सोडे घेतले आणि त्यांना चहाला नेलं. डिसोझा सरांना फोन करून सगळं सांगितलं. पॅकेज लिहिणाऱ्यालाही ईमेल पाठवला, रेवदंड्याच्या एका बांगड्याची हकीकत कळवली.

धडा म्हणाल तर छोटासा आहे. इन्स्टॉलेशन संपलं की शेवटी स्क्रीनवर 'डन' असं येतं. ते मशीनचं मत असतं. ज्याच्यासाठी बसवलं त्या माणसाला खुर्चीत बसवून विचारल्याशिवाय मी आता काम झालं म्हणत नाही.