कूस बदलण्याचा तक्ता

आमच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेले नऊजण. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे काम आमच्या सेविका मावशींचं. एकोणीस वर्षांत त्यांनी सांभाळलेल्या एकाही पाठीला जखम झाली नाही. त्यांचे स्वतःचे गुडघे मात्र पार कामातून गेले.

मग मानांकनाचं खूळ आलं. प्रत्येक खाटेला तक्ता: वेळ, डावी की उजवी, सही. मावशींना कूस बदलण्यापेक्षा सही करायलाच जास्त वेळ लागायचा. शेवटी मीच, म्हणजे इथली नर्स, म्हणाले की सकाळी आल्या आल्या दिवसभराचा तक्ता भरून टाका, म्हणजे हात मोकळे. सगळेच तसं करायचे. उडदामाजी काळंगोरं काय निवडायचं?

तपासणीच्या आदल्या दिवशी सात नंबरच्या आजी दुपारी एकला गेल्या. मावशींनी त्यांना पुसलं, केस विंचरले, आणि त्या गडबडीत तक्ता तसाच फाइलीत गेला. तपासनीस बाईंनी नेमका तोच उघडला. एकला मृत्यू. दोनला डावी कूस, चारला उजवी, पुढे मावशींची सही.

हे काय, म्हणून त्यांनी विचारलं.

"सकाळीच लिहून ठेवते मी," मावशी म्हणाल्या. "कागद राहू द्या. बाकीच्यांच्या पाठी बघा."

बाईंनी खरंच आठही पाठी पाहिल्या. साधा ओरखडा नव्हता. पण खोटी नोंद ती खोटीच, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. हे शिकवलं कुणी, असंही त्यांनी विचारलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मिठाची गुळणी धरून उभी राहिले. त्याची लाज अजून जात नाही.

मानांकन मिळालं. मावशींना मात्र व्यवस्थापकांनी खाटांपासून लांब ठेवलं. आता त्या धुण्याच्या खोलीत चादरींच्या घड्या करतात. बरं आहे, म्हणतात, चादरी कण्हत तरी नाहीत.

त्यांच्या जागी आलेली सेविका घड्याळ बघून सही करते. काल मावशी तीन नंबरच्या आजोबांची चादर घेऊन दारापर्यंत आल्या. चादरीच्या मधोमध, पाठ टेकते तिथे, बोराएवढा पिवळट डाग होता. मी तक्ता पाहिला; एकही सही राहिली नव्हती.

"मी आत येऊ का?" मावशींनी विचारलं.

"थांबा," मी म्हणाले, "साहेबांना विचारून सांगते."