दुखलं म्हणायची बंदी

माझा धाकटा भाऊ जुन्या गाड्या फोडतो. दिवसभर हातात घण. काचा, दारं, इंजिनं, समोर येईल त्याचा चुराडा. भंगाराच्या गोदामात त्याला 'दगड' म्हणतात, आणि उगाच नाही. एकदा जोडीदाराचं बोट पत्र्यात सापडून तुटलं, रक्ताची धार लागली. या पठ्ठ्यानं ते बोट उचलून त्याच्याच खिशात घातलं. म्हणाला, "काही झालं नाही. चल, उरलेलं दार काढू."

हे आलं कुठून? आमच्या बापाकडून. तो पट्ट्यानं फोडून काढायचा आणि वर विचारायचा, "दुखलं?" हो म्हटलं की आणखी पाच. सात वर्षांचं पोर, ओठ फाटलेला, तरी "नाही" म्हणायला शिकलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणे. मी बोलणार!

मुलगी झाली तेव्हा भावानं शपथ घेतली, हिच्यावर कधी हात उचलणार नाही. चार वर्षं पाळलीही. पण पोर पडो, भाजो, तापानं फणफणो, त्याचं एकच पालुपद: "काही झालं नाही. रडायचं नाही." मारत नाही ना, मग झालं, असं त्याला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

परवा अंगणातून किंकाळी आली. आम्ही दोघं धावलो. शेजारच्या दोन वर्षांच्या बाळाचा हात पायरीवर दाबून आमची पोर लोखंडी पान्यानं त्याची बोटं ठेचत होती. नखं काळीनिळी झालेली. आणि ही शांतपणे त्याला समजावतेय, "काही झालं नाही. रडायचं नाही."

बाळाची आई त्याला उचलून, आम्हाला शिव्या घालत दवाखान्यात पळाली. भावानं पाना हिसकावला आणि उगारला, पोरीवर! हात वरच राहिला. मग पाना भिरकावून तो मटकन खाली बसला.

"त्याला दुखलं," तो पोरीला म्हणाला. "मलाही दुखायचं. आजोबा मारायचे तेव्हा. खूप दुखायचं गं." चाळिशीतला बाप्या हुंदके देऊन रडायला लागला.

पोर त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. "तेव्हा आत्या काय करत होती?"

अभ्यास करत होते, असं सांगणार होते. पण म्हटलं, "मी दार लावून घ्यायचे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून."

भावानं मान वर केली. "तू?" म्हणाला. "मला वाटायचं, बाबाच लावतात."