टर्बाइननंतरची शांतता
दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यानंतर सहा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, माझे वडील असोद्याच्या बुद्धविहारात तासभर शांत बसले. तोवर त्यांना शांतता सोसत नव्हती. तीस वर्षं टर्बाइनच्या आवाजात गेली होती. घर शांत झालं की ते दचकून जागे होत आणि पुन्हा झोप लागत नसे. विहारात ध्यान शिकवणाऱ्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "भाऊ, श्वासाकडे लक्ष द्या." पाच मिनिटांत वडील उठले. "अक्का, आठे विहारमा काहीच चालू नही. मी काय ऐकू?" मागच्या बायका हसल्या. अक्कांनी विचारलं, "मशीन बिघडलंय हे कसं ओळखायचात?" "स्क्रूड्रायव्हर बेअरिंगले लावाना, मूठ कानले." "मग तसंच आत ऐका. दुरुस्ती करायची नाही, नुसतं ऐकायचं." ते पुन्हा बसले. खिडकीतून पाणी दिलेल्या केळीबागेचा वास येत होता. तासाभराने घंटा वाजली, सगळे उठले. वडील बसूनच होते. दहा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि हसत म्हणाले, "अक्का, बठ्ठं बरोबर चालू शे." म्हणजे आत सगळं नीट चालू आहे. घरी येऊन ते वरण-बट्टी जेवले आणि संध्याकाळी पाचपर्यंत झोपले.